पहिल्या ओळीचे सर

माझ्या काकांना क्लासमधली मुलं पाठीमागे ‘पहिली ओळ’ म्हणतात. समोर अर्थातच सर. एखाद्याचा प्रोग्रॅम चालेना आणि त्यानं रडकुंडीला येऊन हात वर केला, तरी काका जागचे हलत नसत. खुर्चीतूनच विचारत, "काय, घोडं कुठं अडलं?"

"सर, चालत नाहीये."

"ते मला इथून दिसतंय. स्क्रीनवर काय आलंय? पहिली ओळ वाच. मोठ्यानं."

मग सगळ्या वर्गादेखत ती लाल अक्षरं वाचावी लागत. कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर आणि काय बिघडलं, हे सगळं त्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. पण नवशिक्या माणसाला लाल रंग दिसला की तो वाचायचं सोडून घाबरतो, असं काकांचं म्हणणं. आणि खरंच, निम्म्या वेळा वाचता वाचताच समोरच्याचा चेहरा उजळायचा आणि तो "कळलं, कळलं" म्हणत खाली बसायचा. काका मग मिशीतल्या मिशीत हसायचे. फुकटचं श्रेय घ्यायला त्यांना फार आवडायचं.

क्लास चष्म्याच्या दुकानावर आहे. जिना अरुंद, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीत मी. मी त्यांची पुतणी. प्रवेश, फोन, चहा, कीबोर्डच्या फटीतले बिस्किटांचे कण काढणं, ही सगळी खाती माझ्याकडे. काका पूर्वी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसायचे. ती नोकरी मुदतीआधीच सोडून त्यांनी हा क्लास काढला आणि आल्यागेल्याला रुबी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला लागले. दुसऱ्या भाषा शिकवा, गर्दी होईल, असं मी त्यांना कितीदा सुचवलं. त्यांनी माझं ऐकलं असतं तर ते माझे काका कसले! "रुबी माणसासारखी वाचता येते," एवढंच त्यांचं उत्तर.

खालचे चष्मेवाले हे आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात चिवट विद्यार्थी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वर. एकदा त्यांनी गिऱ्हाइकाचं वय विचारून त्यात एक मिळवायचा प्रोग्रॅम लिहिला. लाल अक्षरांनी स्क्रीन भरला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. "अहो सर, साधी बेरीज येत नाही ह्याला?"

"बेरीज येते. पण तुम्ही कीबोर्डवरून काहीही टाइप करा, त्याच्या लेखी ती अक्षरंच. तुम्हाला वाटतं तुम्ही आकडा दिलाय. आधी त्याचा आकडा करा, मग मिळवा."

"म्हणजे गिऱ्हाईक ‘मला नीट दिसतं’ म्हणालं तरी मी तपासतो, तसं."

"अगदी तसं," काका म्हणाले, आणि पुढचा आठवडाभर त्यांनी ते उदाहरण स्वतःचं म्हणून सगळ्या वर्गांना सांगितलं.

चष्मेवाल्यांचं दुसरं दुखणं म्हणजे ‘एंड’. रुबीत एखादी गोष्ट सुरू केली की ती संपल्यावर ‘एंड’ लिहावं लागतं. ते विसरलं की बोंब होते फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर, आणि चष्मेवाले त्या शेवटच्या ओळीकडे डोळे फाडून बघत बसायचे. काका म्हणायचे, "तिथं काही सापडणार नाही. वर जा. कुठंतरी उघडं टाकून पुढं आलाय तुम्ही."

हे सगळं मजेचं होतं. काकांचा जीव त्यात रमायचा. मुलाला हे हवं तिथं भलतंच येतंय, दोनदा बरोबरचं चिन्ह लिहायच्या जागी एकदाच लिहिल्यामुळे प्रोग्रॅम वर्गातल्या ढ गोळ्यालाही ‘पास’ म्हणतोय, असल्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघून माणूस वैतागेल. काका वैतागत नसत. फक्त एक अट. काय बिघडलंय ते नेमकं सांगा. नेमकं सांगता येत नसेल तर तुम्हाला अजून प्रश्नच पडलेला नाही, असं ते म्हणायचे.

आता ताईचं सांगते. ताई म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून मोठी. शाळा सुटली की ती थेट क्लासमध्ये यायची आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायची. बाकीच्यांना काका सर, पण ही "अरे बाबा, हे बघ ना" करत सगळ्या वर्गात त्यांना हाका मारायची. तिनं विचारलेला पहिला प्रश्न आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिनं कुठंतरी ‘निल’ हा शब्द बघितला आणि विचारलं, "अरे बाबा, निल म्हणजे शून्य का?"

काकांनी मागच्या खोलीतून बिस्किटांचा डबा मागवला. "हे बघ. ह्यात शून्य बिस्किटं आहेत, म्हणजे बिस्किटं नाहीत, पण डबा आहे. उघडता येतो, झाकता येतो. निल म्हणजे डबाच नाही."

"आणि तरी मी उघडायला गेले तर?"

"तर लाल अक्षरं."

ती इतकी हसली की खालून चष्मेवाले काय झालं बघायला वर आले. ते उत्तर देताना काकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एरवी कधी बघितलं नाही. अगदी क्लासची पाटी लागली त्या दिवशीही नाही.

पुढं ताई कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली. तेव्हा काकांनी क्लासच्या वेबपानावर एक प्रश्नपेटी सुरू केली होती. नाव आणि ईमेलचा पत्ता लिहायचा, प्रश्न लिहायचा आणि तिसऱ्या रकान्यात स्क्रीनवर आलेली चूक जशीच्या तशी डकवायची. पेटीमागचा प्रोग्रॅम काकांनी स्वतः लिहिलेला. तो काय करायचा, तर तिसऱ्या रकान्यातली पहिली ओळ उचलायचा, ती मथळ्यावर घालायचा आणि प्रश्न काकांना धाडायचा. पेटीवरसुद्धा पहिली ओळ! ताई होस्टेलवरून त्या पेटीत प्रश्न टाकायची, आणि नावाच्या जागी लिहायची ‘एक मठ्ठ विद्यार्थिनी’. चूकही मनानंच रचलेली. काका तिला पानभर खरमरीत उत्तर लिहायचे आणि दिवसभर खुशीत असायचे. फोनवर दोघं काय बोलायची, तर "जेवलीस का", "हो". खरं बोलणं पेटीतून.

त्या पेटीचा एक त्रास होता. कुणी तिसरा रकाना मोकळा सोडला की मजकूरच नाही, मग त्याची पहिली ओळ कुठून येणार? ती निल. आणि निलला काही करायला सांगितलं की काय होतं ते डब्यावरून कळलंच असेल. प्रोग्रॅम कोलमडायचा, समोरच्याला अगम्य अक्षरांचं पान दिसायचं आणि तो मला फोन करून झापायचा. ताई नोकरीला लागली त्या सुमाराला काका-काकू एका लग्नाला निघाले होते. बॅगा दारात, काकू जिन्यात उभी राहून हाका मारतेय, आणि माझा फोन वाजतोय. मी ओरडले, "काका, आधी ह्या पेटीचं काहीतरी करा!" काकांनी उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. रुबीत त्याला ‘रेस्क्यू’ म्हणतात. मधे काही बिघडलं तर काय करायचं ते त्यात लिहायचं असतं. काकांनी त्यात काहीच लिहिलं नाही. म्हणजे बिघडलं तर गप्प बसायचं, मधल्या ओळी सोडून द्यायच्या आणि पुढं जायचं.

हेच कुणा विद्यार्थ्यानं केलं असतं तर काकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. "मोकळा रेस्क्यू लिहायचा नाही," हा क्लासमधला कायदा. "आग लागल्याची घंटा वाजते म्हणून घंटाच कापणार का?" असं ते विचारायचे. त्या दिवशी जाता जाता म्हणाले, "आल्यावर नीट करतो गं." आल्यावर चार नवे वर्ग सुरू झाले आणि ते राहिलं.

त्यानंतर चूक न जोडता आलेला एकही प्रश्न दिसला नाही. फोनही थांबले. कारण समोरच्याला आता छान पान दिसायचं, ‘प्रश्न पोचला. उत्तर लवकरच मिळेल.’ काका मला ऐटीत म्हणाले, "बघितलंस? लागली की नाही शिस्त?"

मग ती सुट्टी आली. ताई घरी आली होती. रविवार होता, क्लास बंद, काका पुढच्या खोलीत ब्रशनं कीबोर्ड साफ करत बसले होते. मी आत पावत्या लावत होते. ताई आली आणि त्यांच्या समोर बसली.

"अरे बाबा, मला नोकरी सोडावीशी वाटतेय."

"का?"

"माहीत नाही. तिथं बरं वाटत नाही मला."

"काय बरं वाटत नाही? पगार, काम, साहेब? काय?"

"असं एक काही नाही रे."

"असं एक काही नाही म्हणजे काय? नेमकं काय बिघडलंय ते सांग, मग बोलू आपण."

"नेमकं सांगता आलं असतं तर मीच नसतं का दुरुस्त केलं?"

"मग सांगता येईल तेव्हा ये," काका म्हणाले आणि ब्रश पुन्हा हातात घेतला.

ताई उठली आणि जिना उतरून गेली. काकांना वाटलं, विचार करायला गेली. त्यांच्या आवाजात राग नव्हता हो. तो आवाज मला चांगला ओळखता येतो, रोज वर्गात ऐकते मी. तोच होता. आणि माझा संताप त्याच्यावरच आहे. माणसाला लाल अक्षरं येत नाहीत. येत असती तर काकांसारखा बाप शोधून सापडला नसता.

त्या दिवशी धरलेला अबोला सुटलाच नाही. ताईनं नोकरी सोडली आणि एका मैत्रिणीबरोबर रोपवाटिका काढली. काकांना ते इतरांकडून कळलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "विचारायचं तरी," म्हणाले. विचारायलाच तर आली होती! मग तिनं लग्न केलं, साधंच, नोंदणी कचेरीत जाऊन. मग तिला मुलगी झाली. काकू जाऊन येऊन असायची, पण तिनं दोघांनाही बजावलं होतं, "मी निरोप्या नाही. तुमचं तुम्ही बघा." जेवताना ती ताईच्या बातम्या भिंतीला सांगितल्यासारख्या सांगायची आणि काका मान खाली घालून जेवायचे. एकदा सांगितलं, नातीला पहिला दात आला. काकांनी दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली आणि तशीच टाकून उठले.

पण सकाळी क्लास उघडला की चपला काढायच्या आधी ते प्रश्नपेटी बघायचे. आधी नावांचा रकाना वरून खालपर्यंत. मग प्रश्न. काय शोधताहेत ते मला कळायचं. एकदा ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हल्ली मठ्ठ कुणी राहिलं नाही वाटतं." मी चहाचे कप उचलून आत गेले.

काकू पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा ताई आली. काकूला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं आणि हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मी, काका आणि मधे ताईची मुलगी, बुटांच्या बंदाशी खेळत. ताई समोर उभी. लहानपणापासून "अरे बाबा" म्हणणारी ती, त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंत का?" काका तिच्याकडे बघतच राहिले. तिनं शिवी दिली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

मग काका म्हणाले, "एक ओळ तरी लिहायचीस."

"लिहिली होती ना."

"कधी?"

"ही पोटात होती तेव्हा. पेटीत. मठ्ठ विद्यार्थिनी म्हणून. ही झाल्यावर परत एकदा. तुमचं पान म्हणालं, प्रश्न पोचला. मी कितीतरी दिवस वाट बघितली. मग म्हटलं, पोचला असेल, उत्तर द्यायचं नसेल."

"चूक काय जोडली होतीस?" काकांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"काही नाही. चूक नव्हतीच ना काही. तो रकाना मोकळा सोडला."

काकांचा चेहरा मी बघत होते. शहाण्या माणसाला समजायला एक क्षण लागतो, त्यांना तोही लागला नाही. ते उठले, "आलो" म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. मी मागोमाग. क्लास उघडला, दिवासुद्धा लावला नाही. पेटी उघडून स्वतःच प्रश्न लिहिला, ‘आहे का कुणी?’ तिसरा रकाना मोकळा. पान म्हणालं, प्रश्न पोचला. उत्तर लवकरच मिळेल. आणि पेटीत काहीही आलं नाही.

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. काकूची चौकशी करायला चष्मेवाले वर आले होते, तेही मागे येऊन उभे राहिले. शिकून शिकून त्यांना आता तेवढं वाचता येत होतं. त्यांनी रेस्क्यूवर बोट ठेवलं. "सर, ह्याच्या मधे काहीच नाही?"

"नाही."

"मग चूक झाली तर ती जाते कुठं?"

"कुठंच नाही," काका म्हणाले.

मी विचारलं, ते प्रश्न कुठंतरी साठलेले असतील ना? जुन्या फायली, काहीतरी? काकांनी मान हलवली. साठवायची ओळ खाली होती. गाडी तिथवर गेलीच नव्हती. म्हणजे ज्या काळात आम्ही शिस्त लागली म्हणून खूश होतो, त्या काळात ज्यांना ज्यांना आपलं काय बिघडलंय ते नेमकं सांगता येत नव्हतं, त्या सगळ्यांना आम्ही ‘पोचला’ म्हणून परत पाठवत होतो. ती किती माणसं होती ते कधीच कळायचं नाही. त्यातली एक ताई.

आम्ही परत गेलो तेव्हा काकूला खोलीत आणलं होतं आणि ताई बाहेर मुलीच्या बुटांचे बंद बांधत होती. काकांनी तिला सांगितलं. कसं सांगितलं? कितव्या ओळीवर मोकळा मजकूर येतो, त्याची पहिली ओळ निल कशी होते, पुढच्या ओळीवर प्रोग्रॅम कसा कोलमडतो आणि रेस्क्यू ते कसं गिळतं. सगळं नेमकं. मला वाटलं, ह्या माणसाला गदागदा हलवावं आणि म्हणावं, अहो, नुसतं चुकलं म्हणा!

ताईनं मात्र शांतपणे ऐकून घेतलं. तिला कळत होतं ना सगळं. त्यांनीच शिकवलेलं.

"म्हणजे बग होता," ती म्हणाली.

"हो. माझा." काकांनी विचारलं, "काय विचारलं होतंस?"

"साधाच प्रश्न होता. जाऊ द्या."

"सांग ना."

तिनं दुसऱ्या बुटाचा बंद बांधला. मग वर न बघता म्हणाली, "निल म्हणजे शून्य का?"

काका तिथंच बाकावर बसले आणि रडले. येणारे-जाणारे बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ताईनं यंत्रातून पाण्याचा पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. शेजारी बसली नाही. काका पाणी प्याले, त्यांनी डोळे पुसले आणि डब्याचं सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ती मुलीकडे बोट करून म्हणाली, "आता राहू द्या बाबा. हिनं विचारलं होतं मध्ये. मीच सांगितलं."

काकू आता काठी घेऊन चालते. ताई रविवारी फोन करते. आधी काकूशी बोलते, मग काकांना देते. "गुडघे कसे आहेत तुमचे?" "बरे आहेत." भांडण मिटलंय, असं काकू सगळ्यांना सांगते. मिटलंय म्हणजे आता कुणी भांडत नाही. नात आजोबांना ओळखते, फोनवर कविता म्हणून दाखवते. पण ती पहिली पावलं टाकत होती, बोबडं बोलत होती, ते दिवस काही काकांना कुणी आणून देणार नाही. आणि ते ‘तुम्ही’ अजून तसंच आहे.

पेटी काकांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. आता तिसरा रकाना नाहीच. जे येईल ते येतं. पोरांनी कीबोर्डवर थापट्या मारलेल्या येतात, गाद्यांच्या जाहिराती येतात, नुसतं "हॅलो" येतं. काका एकालाही उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. मी वैतागून म्हणते, "अहो काका, हा गाद्या विकतोय." ते म्हणतात, "असू दे. त्याचंही काहीतरी अडलं असेल." क्लासमध्येही बदललेत. कुणी "सर, चालत नाहीये" म्हणालं की उठून त्याच्यापाशी जातात. चष्मेवाल्यांना ते आवडत नाही. "पहिली ओळ वाचायला लावत नाही हो सर हल्ली," म्हणून माझ्याकडे तक्रार करतात.

परवा सकाळी पेटीत एक सगळंच मोकळं आलं. नाव नाही, पत्ता नाही, प्रश्न नाही. कुणाचं तरी बोट चुकून बटणावर पडलं असणार. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी टाइप केलं, ‘तुमचा प्रश्न पोचला. काय बिघडलंय ते नेमकं सांगता आलं नाही तरी चालेल. तसंच या. मी इथंच असतो.’

आणि पाठवायचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. पुढच्या खोलीत तेव्हा कुणीच नव्हतं. काकांनी पहिली ओळ वाचली. मोठ्यानं. पाठवायचं कुणाला, तिथं निल होतं.